जुनी रॅम ठेवून नवा डेस्कटॉप जुळवता येईल का? कोटेशन तपासून हवे आहे

खाडीपलीकडची (ऐरोली)

नमस्कार. आमच्या घरातला डेस्कटॉप २०१७ साली ठाण्याच्या एका दुकानातून जुळवून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, २५० जीबीची साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, एवढे कारण पुरेसे नव्हते म्हणून की काय, मुलगी आता वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला गेली आहे. ऑटोकॅड आणि स्केचअप कसेबसे चालतात, पण रेंडर (आराखड्यावरून खरेखुरे दिसणारे चित्र तयार करणे) लावून आम्ही जेवायला बसतो, जेवण उरकते, ओटा आवरून होतो, तरी पडद्यावरची पट्टी निम्म्यातच असते.

दुकानाने दिलेले कोटेशन असे आहे: रायझन ५ ७६००एक्स, बी६५० चा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅमचे दोन नग, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी), ६५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा; कंपनीचे नाव लिहिलेले नाही) आणि रंगीत पंख्यांचे कॅबिनेट. माझी अडचण अशी की रॅमचे भाव गेल्या वर्षाच्या अखेरीपासून इतके चढले आहेत की घरातली १६ जीबी रॅम टाकून देणे जिवावर येते. शिवाय जुने कॅबिनेट धडधाकट आहे आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेला प्रोसेसरवरचा उंच कूलरही नव्यासारखाच आहे. यातले काय ठेवता येईल आणि कोटेशन बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नौपाड्याचा सोल्डर

ताई, कोटेशनमधली तिसरी ओळ वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. रायझन ७६००एक्स हा एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर आहे, आणि एएम५ चा कोणताही मदरबोर्ड डीडीआर४ रॅम घेत नाही. तिथे फक्त डीडीआर५ चालते. दोन्ही रॅमना २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखीच दिसते, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून चुकीची रॅम जागेवर बसतच नाही. जोर लावला तर स्लॉटच तुटतो. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ ला १.१, आणि डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप रॅमच्याच पट्टीवर असते. म्हणजे हा नुसता वेगाचा फरक नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ७६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही आणि कोटेशनमध्येही कूलर नाही. नुसता ७६०० घेतला तर खोक्यात छोटा कूलर मिळतो आणि तो ६५ वॉटचा असल्याने उष्णताही कमी होते. तुमच्या मुलीच्या कामात या दोघांतला फरक जाणवण्याइतका नाही.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच मदरबोर्डशी संबंधित आहे. २०१७ मध्येच इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. त्यांचा सॉकेटही एलजीए ११५१ च होता, म्हणजे सातव्या पिढीच्या बोर्डावर ते अगदी चपखल बसत. पण चालत नसत. त्यांना ३०० मालिकेचा चिपसेटच (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) लागे. त्या वेळी माझ्याकडे निदान चार जण असे आले, ज्यांनी सॉकेटचा आकडा जुळवून प्रोसेसर आणला होता आणि दुकानदाराने फोडलेले खोके परत घ्यायला नकार दिला होता. तेव्हापासून मी सॉकेट सगळ्यात शेवटी पाहतो. आधी मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरची यादी उघडतो, आणि त्या यादीतला बायोसचा (यंत्र सुरू करणारी, बोर्डावरच साठवलेली प्रणाली) क्रमांक वहीत लिहून घेतो.

कळव्याचा जोडारी

काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण दुकानदाराची बाजूही थोडी सांगतो, कारण गेली नऊ वर्षे मी हेच काम करतो. असे कोटेशन फसवण्यासाठी दिलेले नसते. काउंटरवरचा मुलगा जुन्या गिऱ्हाइकाची एक्सेल शीट उघडतो, प्रोसेसर आणि बोर्ड बदलतो आणि रॅमची ओळ तशीच राहून जाते. जुळणी करायला बसल्यावर ते लक्षात आलेच असते आणि मग तुम्हाला फोन आला असता, की ताई, डीडीआर५ घ्यावी लागेल, वरचे इतके पैसे द्या. त्या क्षणी बाकीचे सगळे सामान फोडलेले असते, आणि गिऱ्हाईक अडते ते तिथे.

बायोसबद्दल काकांनी सांगितले त्यात एक भर घालतो. बी६५० चे बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत आणि रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. दुकानाच्या फळीवर जुना साठा असेल तर तो बोर्ड ९००० मालिकेचा प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओळखत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर मात्र काहीच येत नाही. म्हणून बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण आहे का, ते पाहावे. ते असेल तर प्रोसेसर न लावतासुद्धा पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो.

एसएमपीएसची ओळ मात्र मला अजिबात आवडलेली नाही. कंपनीचे नाव नसलेल्या ६५० वॉटच्या एका नगावर मी स्वतः वाचलेले आकडे सांगतो: १२ व्होल्टच्या रकान्यात २४ अँपिअर. गुणाकार करा, २८८ वॉट होतात. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे उरलेल्या वॉटांचा आपल्याला काहीच उपयोग नाही. खोक्यावरचा मोठा आकडा न वाचता कडेच्या स्टिकरवरचा हा रकाना वाचावा, आणि ८० प्लस ब्राँझ लिहिले आहे म्हणून हुरळून जाऊ नये, कारण तो शिक्का विजेच्या बचतीचा आहे, टिकाऊपणाचा नाही.

सेक्टर नऊ (वाशी)

एसएमपीएसचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी एसएमपीएस बदलला. जुना आणि नवा, दोन्ही मॉड्युलर होते, म्हणजे तारा एसएमपीएसच्या बाजूनेही सुट्या होतात. कॅबिनेटच्या मागून सुबक बांधून ठेवलेल्या जुन्या साटाच्या तारा उपसण्याचा कंटाळा आला, त्या नव्या एसएमपीएसमध्ये अगदी सहज बसल्या, म्हणून तशाच ठेवल्या. बटण दाबले, एक बारीक चट् असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही गेल्या, त्यात लग्नाचे सगळे फोटो होते. डिस्कच्या बाजूचे टोक ठरलेल्या मापाचे असते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकात कोणत्या पिनेवर ५ व्होल्ट आणि कोणत्या पिनेवर १२ व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी, कधीकधी एकाच कंपनीचे दोन मॉडेलसुद्धा, आपापल्या मनाने ठरवतात. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या तारा बदलायच्या.

आणखी एक, कदाचित उपयोगी पडेल. मी एएम५ वर गेले तेव्हा पहिल्यांदा सुरू केल्यावर कित्येक मिनिटे पडदा काळाच होता. मी रॅम काढून पुन्हा लावायला निघाले होते, इतक्यात चित्र आले. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःची पारख करून घेते आणि त्याला इतका वेळ लागू शकतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर एवढी धडधड झाली नसती.

घोडबंदरी

चर्चा रायझनवरच अडली आहे असे वाटते. ताईंचा मूळ प्रश्न जुनी रॅम वाचवण्याचा आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर, म्हणजे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी, बी६६० आणि बी७६० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले, काही डीडीआर४ चे आणि काही डीडीआर५ चे. नाव जवळजवळ एकच असते, शेवटी डी४ एवढे जोडलेले असते किंवा नसते, म्हणून खोक्यावर बोट ठेवून वाचावे. असा डी४ चा बी७६० आणि त्यावर आय५-१२४०० घेतला तर रॅमवर आज एक रुपयाही खर्च होत नाही. त्याच्या खोक्यात कूलरही येतो.

नौपाड्याचा सोल्डर

घोडबंदरी, तुमचा सल्ला व्यवहारी आहे, पण त्याची किंमत ताईंना आधी कळायला हवी. एलजीए १७०० चा रस्ता चौदाव्या पिढीवर संपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल एलजीए १८५१ कडे गेली आणि तिथे फक्त डीडीआर५ आहे. एएम५ ला मात्र २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देणार असल्याचे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे आज रॅमचे पैसे वाचवले तर पुढच्या खेपेला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम अशा तिन्ही गोष्टी पुन्हा घ्याव्या लागतील. शिवाय ताईंची २०१७ ची रॅम बहुधा २४०० च्या वेगाची असेल. शेजारी ३२०० ची नवी लावली तरी सगळ्या २४०० नेच पळतील.

घोडबंदरी

काका, मान्य आहे, पण मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे आणि वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. हे यंत्र तिला पदवीपर्यंत पुरले की काम झाले. त्यानंतर ती ज्या कार्यालयात जाईल तिथे तिला टेबलासकट संगणक मिळेल. आज पैसा जायला हवा तो ग्राफिक कार्डात, कारण रेंडरची पट्टी तिथेच अडली आहे. आणि २४०० च्या रॅममुळे जे काही नुकसान होईल ते तिच्या कामात, ५०६० च्या आठ जीबी मेमरीत दृश्य न मावण्याच्या नुकसानीपुढे, कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट कार्डाबद्दलच मला शंका आहे. मोठ्या दृश्यांसाठी १६ जीबीचे ५०६० टीआय झेपले तर पाहावे.

एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटचा पर्यायही डीडीआर४ वाचवतो, पण तिथे प्रोसेसरच्या नावापुढे जी नसेल तर पडद्याला चित्र देण्याची सोयच नसते, आणि इंटेलमध्ये एफ असेल तर तेच. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले तर त्या पंधरा दिवसांत संगणक आंधळा होतो. म्हणून मी १२४०० म्हटले, १२४००एफ नव्हे.

कळव्याचा जोडारी

कार्डाबद्दल एक बारीक मुद्दा. ५०६० हे कार्ड सोळा मार्गांच्या (डेटाची ये-जा होण्याच्या वाटा) लांब स्लॉटमध्ये बसते, पण प्रत्यक्षात आठच मार्ग वापरते. चौथ्या पिढीच्या (ही पिढी स्लॉटची, प्रोसेसरची नव्हे) स्लॉटवर त्याचे काही बिघडत नाही. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र कार्डाची मेमरी भरली की रखडत चालते. सध्याच्या एच११० वर फक्त कार्ड बदलून पाहू, असे कोणी सुचवले तर त्याचे हे उत्तर.

जुना कूलर ठेवायचा असेल तर त्याचा पाय पाहा. एलजीए ११५१ ला भोकांमधले अंतर ७५ मिमी होते, १७०० ला ते ७८ मिमी झाले. तीन मिलिमीटर, पण स्क्रू लागत नाही. दोन वर्षांपूर्वी घेतला असेल तर खोक्यात दुसरी पट्टी असण्याची बरीच शक्यता आहे. आणि कॅबिनेटचे माप घेऊन इथे टाका.

खाडीपलीकडची (ऐरोली)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलीने आणि मी कॅबिनेट उघडले. तिच्या ड्रॉइंगच्या स्टीलच्या पट्टीने मोजले, तर मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६२ मिमी जागा आहे. पुढच्या जाळीवर धुळीचा असा थर होता की बोटाने नाव लिहिता आले असते, आणि पुढे पंखाच नाही, मागे एकच आहे. कूलरचे खोके माळ्यावर सापडले. त्यात एका प्लास्टिकच्या पुडीत कधीच न उघडलेल्या पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या एकीवर १७०० असे कोरलेले आहे. जुना एसएमपीएस ४५० वॉटचा असून त्याला ग्राफिक कार्डासाठी सहा पिनांची एकच तार आहे. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा आहे. खर्चाची मर्यादा साठ ते पासष्ट हजारांची आहे, त्यामुळे घोडबंदरींचा रस्ता धरायचे ठरवले आहे. १६ जीबीचे कार्ड त्यात मावत नाही.

कळव्याचा जोडारी

२६२ मिमीत दोन पंख्यांचे कार्ड बसेल, ती साधारण २०० ते २५० मिमी असतात. तीन पंख्यांची ३०० च्या आसपास जातात, ती पाहूही नका. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ मिमीचा चौरस असतो, तो तुमच्या कॅबिनेटमध्ये बसेल. पुढे १२० मिमीचा एक पंखा बसवून घ्या, नाहीतर मे महिन्यात नवे कार्ड आपल्याच वाफेत शिजेल. जुना एसएमपीएस काढाच. सहा पिनांच्या तारेला आठ पिनांचे जोडटोक लावून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला. प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि कार्डाची आठ पिनांची तार या दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी वेगळ्या आहेत, तेवढे जोडताना लक्षात ठेवा.

नौपाड्याचा सोल्डर

हिशेब मांडतो. १२४०० पूर्ण जोर लावतो तेव्हा ११७ वॉट, कार्ड १४५ वॉट, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ६० धरा, म्हणजे ३२२ वॉट. ५५० वॉटचा नामांकित एसएमपीएस पुरतो. यूपीएसचे मात्र जमणार नाही. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचा असतो, त्यात मॉनिटरचे ३० मिळवले आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली की त्याची मर्यादा ओलांडली जाते. पावसाळ्यात वीज गेली आणि त्याच वेळी रेंडर चालू असेल तर यूपीएस शिट्टी वाजवून हात वर करील. ११०० व्हीएचा पाहा, किंवा तूर्त रेंडर चालू असताना वीज गेली तर गेली असे समजा.

ऐरोलीहून ठाणे म्हणजे मध्ये दिघा गाव एवढे एकच स्टेशन. सामान आले की मुलीला घेऊन या, आपण टेबलावर जोडू.

खाडीपलीकडची (ऐरोली)

काल काकांकडे जोडणी झाली. प्रोसेसरवरचा खटका दाबताना करकर असा आवाज आला, तेव्हा मुलीने हात मागे घेतला. काका म्हणाले, हा आवाज असाच येतो, दाब. दाबल्यावर सॉकेटवरचे काळे झाकण टपकन उडून टेबलाखाली गेले. ते शोधून खोक्यात ठेवले आहे, कारण वॉरंटीच्या वेळी ते मागतात असे काकांनी बजावले. जुन्या दोन रॅम बोर्डाच्या चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या.

यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झाले, पण जुन्या एसएसडीवरचे विंडोज काही सुरू होईना. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते, सुरू करण्याच्या यादीत मात्र ती नाही.

सेक्टर नऊ (वाशी)

जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असणार. नव्या बोर्डाला जीपीटी (डिस्क विभागण्याची नवी पद्धत) आणि यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) लागते, बाराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिकवर जुनी पद्धत चालतच नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे, त्याने डेटा न पुसता बदल होतो, पण आधी सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. माझ्या लग्नाच्या फोटोंची शपथ. खरे तर नव्या एनव्हीएमईवर विंडोज ११ स्वच्छ घालावे आणि जुनी डिस्क फायलींसाठी ठेवावी. जुन्या बोर्डाबरोबर आलेला परवाना नव्या बोर्डावर येत नाही, तो खर्च मात्र धरावा लागेल.

खाडीपलीकडची (ऐरोली)

एनव्हीएमईवर नवे विंडोज घातले, सर्व व्यवस्थित आहे. एक अडचण अशी की एक साटा डिस्क दिसत नव्हती. बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिले होते की दुसऱ्या एम.२ खाचेत डिस्क लावली की साटाचे एक तोंड बंद होते. एनव्हीएमई पहिल्या खाचेत हलवल्यावर दोन्ही डिस्क दिसू लागल्या. आता एच११० चा बोर्ड आणि आय५-७४०० मोकळा झाला आहे. कोणाला उपयोग असेल तर ऐरोली स्टेशनवर येऊन घेऊन जावा, पैसे नकोत.

कोपरीचा कट्टा

मला हवा आहे. शेजारच्या मुलाला त्यावर लिनक्स घालून देईन. रॅम माझ्याकडे पडलेली आहे, ४ जीबीच्या दोन, २०१२ च्या यंत्रातल्या.

नौपाड्याचा सोल्डर

२०१२ च्या म्हणजे त्या डीडीआर३ असणार. ताईंच्या बोर्डावर डीडीआर४ च लागते. बोर्ड घ्यायला जा, पण जाताना रॅम शोधत जा.